परातीतल्या होडीपासून स्पायरोमेट्रीपर्यंत

स्पायरोमेट्रीत, म्हणजे यंत्रात फुंकून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीत, माणसाकडून काय काय मागितलं जातं ते एकदा सलग सांगते. जाडसर नळी तोंडात घ्यायची, दातांनी अलगद धरायची, ओठ तिच्याभोवती घट्ट मिटायचे, जीभ नळीखाली ठेवायची. नाकाला चिमटा. मग छाती गच्च भरेपर्यंत श्वास आत ओढायचा आणि तिथे न रेंगाळता लगेच सगळी ताकद लावून बाहेर फेकायचा. संपला असं वाटलं तरी थांबायचं नाही, तळ लागेपर्यंत सोडत राहायचं. हे एकदा नाही, निदान तीनदा, आणि प्रत्येक वेळी जवळजवळ सारखंच. चांगली शिकलीसवरलेली माणसंही पहिल्या फटक्यात चुकतात. आता हेच चार वर्षांच्या पोराला सांगा. तेही अशा पोराला, ज्याला मागच्याच महिन्यात याच इमारतीत सलाईन लावलं होतं.

मी कोल्हापुरात मुलांच्या एका दवाखान्यात पीएफटी करते, म्हणजे फुप्फुसांच्या तपासण्या. त्याआधी बरीच वर्षं मोठ्यांच्या छातीच्या विभागात होते. इथे येणारी बहुतेक मुलं बाळदम्याची किंवा बाळदम्याची शंका असलेली. काही जन्मतःच अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेली, काही स्नायूंच्या आजाराची, ज्यांची फुप्फुसं किती भरतात हे दर भेटीत बघावं लागतं. दिवाळीनंतर थंडी पडते, ऊसतोडी सुरू होतात, फडाफडांत पाचट पेटतं, गुऱ्हाळांचा धूर खाली बसतो, आणि आमच्या खोलीबाहेरची बाकं भरून जातात.

हे यंत्र मुळात मुलांसाठी जन्मलेलं नाही. लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरने 1846 साली स्पायरोमीटरवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं तेव्हा त्याने दोन हजारांहून जास्त लोकांना त्यात फुंकायला लावलं होतं. त्यात खलाशी होते, पोलीस होते, आगीच्या बंबावरची माणसं होती, पैलवानसुद्धा होते. आमच्या गावात हे सांगितलं की वडील मंडळी लगेच खुर्ची पुढे ओढून ऐकतात. पुढे कितीतरी वर्षं या तपासणीचे नियम मोठ्या माणसाच्या छातीवरच बेतलेले राहिले. शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांसाठी म्हणून वेगळा विचार अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांनी मिळून 2007 मध्ये मांडला. 2019 च्या सुधारित मानकांत तर म्हटलंय की अडीच वर्षांचं मूलही ही तपासणी नीट देऊ शकतं. फक्त ती करणारा माणूस मुलांसोबत काम करायला शिकलेला हवा, आणि खोली उजळ, प्रसन्न, वयाला साजेशी खेळणी, पुस्तकं, चित्रं असलेली हवी. मिलीलीटर आणि सेकंदांच्या त्या मजकुरात खेळणी हा शब्द वाचला तेव्हा मला फार आधार वाटला. तोपर्यंत खोलीतल्या परातीबद्दल आणि कागदाच्या होड्यांबद्दल मला बऱ्याच जणांना उत्तरं द्यावी लागायची.

आता मुद्द्याचं. खेळ म्हणजे तपासणीआधीची लाडीगोडी, मूल रडू नये म्हणून दाखवायचं खुळखुळं, असं अनेकांना वाटतं. डॉक्टरांनाही. माझा अनुभव वेगळा आहे. खेळ हीच तपासणीची शिकवणी असते, आणि म्हणून कुठलाही खेळ चालत नाही. त्या खेळात ओठ, जीभ, घसा आणि छाती नेमकं काय करतात ते बघून तो निवडावा लागतो.

पिपाणीचंच घ्या. जोतिबाच्या यात्रेतून आणलेली पिपाणी घेऊन पुष्कळ मुलं येतात आणि आई कौतुकाने सांगते, "मॅडम, फुंकायची सवय आहे हं त्याला." पण पिपाणीत ओठ चिमटून, गाल फुगवून, जीभ पुढे आणून फुंकतात. केकवरची मेणबत्ती विझवतानाही तेच, ओठांचा चंबू आणि गालांतली हवा. स्पायरोमेट्रीला गालांतली हवा नको, छातीतली हवी. आणि घसा उघडा हवा. ज्याला पिपाणीची सवय, तो आमच्या नळीतही तशीच फुंकर घालतो, जीभ नळीच्या तोंडाशी जाते आणि पडद्यावर वाकडीतिकडी रेघ उमटते. त्यामुळे पिपाणी बाहेर बाकावर वाजवायची, आत आल्यावर आरसा.

आरशाचा खेळ साधा आहे. हातात मावेल एवढा आरसा तोंडासमोर धरायचा आणि त्यावर वाफ आणायची. फूऽ केलं तर वाफ धरत नाही, हाऽऽ केलं तरच धरते. मुलाला घसा उघडा ठेवायला सांगून काहीच कळत नाही, पण आरसा धुरकट झाला की नाही हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. त्या वाफेवर बोटाने मांजर काढायचं, पुसायचं, परत हाऽऽ. दोन-तीन मांजरं झाली की घशाचं काम त्याला कळलेलं असतं.

मग जोराची सुरुवात. श्वास सोडायला मूल कचरलं, हळूहळू सोडू लागलं, तर पुढचं सगळं गणित बिघडतं, कारण पहिल्या क्षणात किती हवा आली यावरच डॉक्टरांना श्वासाच्या वाटा किती अरुंद झाल्यात ते कळतं. यासाठी पुठ्ठ्याची रिकामी नळी आणि कागदाचा छोटा बोळा. बोळा नळीच्या पुढच्या टोकाला अगदी सैल अडकवायचा आणि फुंकून समोरच्या डब्यात पाडायचा. हळू फुंकलं तर बोळा तिथेच पायाशी पडतो. ठाप् करून फुंकलं तर उडतो. जोरात म्हणजे किती जोरात, ते बोळाच सांगतो, मला ओरडावं लागत नाही.

आणि शेवटी शेपूट, म्हणजे तळ लागेपर्यंत श्वास सोडत राहणं. हा भाग मुलांना सगळ्यात जड जातो. जोरात फुंकून झालं की त्यांच्या मते काम संपलेलं असतं. इथे माझी परात येते. स्टीलची मोठी परात, तळाला दोन बोटं पाणी, आणि वहीच्या कागदाची होडी. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत होडी एकाच श्वासात न्यायची. मधे श्वास घेतला तर होडी गरगर फिरते आणि मागे येते. पहिल्यांदा ती मध्यावर अडते. मग मूल आपणहून आधी जास्त श्वास भरून घेतं. हे मी शिकवलेलं नसतं. पलीकडे पोचायचं तर सुरुवातीला पोटभर हवा लागते हा शोध त्याने स्वतः लावलेला असतो, आणि स्वतः लावलेला शोध मूल विसरत नाही. थोडी मोठी मुलं असतील, घरात कबड्डी खेळणारा दादा असेल, तर परातीचीही गरज पडत नाही. "दम धरायचा बघ, चढाईला गेल्यासारखा," म्हटलं की पुरतं. एका दमात कबड्डी-कबड्डी किती वेळ, ते पाठ असतं त्यांना.

होडीच्या खेळात एक अडचण आली ती सांगते. 2022 च्या जुलैत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली आणि प्लास्टिकच्या स्ट्रॉ गेल्या. बंदी योग्यच. पण कागदी स्ट्रॉ लहान मुलांच्या लाळेने मऊ पडते आणि चपटी होते. म्हणून होडीसाठी आता स्ट्रॉ वापरतच नाही, थेट तोंडानेच फुंकायचं. बोळ्याची नळी प्रत्येकाची वेगळी, होडी प्रत्येकाची वेगळी, आणि दोन्ही घरी न्यायची. परातीतलं पाणी दर मुलानंतर बदलायचं, परात साबणाने घासायची. फुंकण्याचं कुठलंही खेळणं एकाने वापरून दुसऱ्याला द्यायचं नाही, हा कोरोनाआधीही नियम होता, आता तो समजावून सांगावा लागत नाही एवढाच फरक.

संगणकावरच्या खेळांबद्दल मला नेहमी विचारतात. स्पायरोमीटरसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केकवरच्या मेणबत्त्या असतात, फुगा असतो, बोलिंग असतं. ते उपयोगी आहेत, पण कोणता कधी लावायचा हे कळायला हवं. मेणबत्त्या एका जोरदार फुंकरीत विझतात. विझल्या की मूल टाळ्या पिटतं आणि फुंकणं थांबवतं. पडद्यावर उंच टोक दिसतं आणि त्यापुढे रेघ कडा तुटावी तशी खाली येते. बोलिंगचा चेंडू फुंकत राहिलं तरच पुढे जातो, त्याने शेपूट लांबते. मी आधी मेणबत्त्या लावते, जोर आला की बोलिंग. आणि काही मुलं पडद्यावरचा फुगा फुटताना दचकतात, त्यांच्यासाठी पडदा सरळ बंद.

एवढं करून जे मिळतं ते मोठ्या माणसाच्या आलेखासारखं नसतं, हेही पालकांनी समजून घ्यायला हवं. मोठा माणूस सहा सेकंद आणि त्याहून जास्त वेळ श्वास सोडत राहतो. चार वर्षांच्या मुलाची फुप्फुसं लहान, त्या मानाने श्वासाच्या वाटा रुंद, त्यामुळे सगळी हवा सेकंदाभरातच बाहेर येऊ शकते. पहिल्या एका सेकंदातली हवा, म्हणजे एफईव्ही वन, हा आकडा मग कधी कधी मिळतच नाही. अशा वेळी पाऊण सेकंदाचा किंवा अर्ध्या सेकंदाचा आकडा बघतात. सारखेपणाचा निकषही वेगळा. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत सगळ्यात चांगल्या दोन फुंकरींमधला फरक 100 मिलीलीटर किंवा 10 टक्के, यांपैकी जे जास्त असेल त्याच्या आत बसला की चालतं. मोठ्यांना 150 मिलीलीटरची मुभा असते. त्यामुळे "सहा सेकंद पूर्ण झाले नाहीत, पोराला जमलं नाही" असं कुणी म्हणालं तर ते मुलाचं अपयश नाही, चुकीची पट्टी लावलेली आहे.

खोलीबद्दल थोडं. सकाळी पहिलं काम यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचं माप बरोबर आहे का ते बघणं. त्यासाठी तीन लिटरची सिरिंज असते. ज्याने पाहिली नाही त्याला सांगते, मुलाच्या डोळ्यांना ती राक्षसाचं इंजेक्शनच वाटते. पहिलं मूल यायच्या आत ती कपाटात जाते आणि कपाट बंद. पांढरा कोट दाराआड. मुलाचे पाय लोंबकळत राहिले की त्याला जोर लावता येत नाही, म्हणून खुर्चीखाली लाकडी पाट ठेवलाय, त्यावर पाय टेकतात. आणि एक कापडी बाहुली आहे, आमच्याच एका सिस्टरने शिवलेली. तिची तपासणी आधी होते. उंची मोजतात, वजन करतात, नाकाला चिमटा लागतो, तोंडाशी नळी येते. हे सगळं मूल करतं, मी नाही.

चिमट्याचं तर प्रत्येकाचं वेगळं. नाक दाबलं जाणं ही साधी गोष्ट नाही. ज्या मुलाला दम लागण्याचा अनुभव आहे, त्याच्यासाठी नाक बंद होणं म्हणजे तीच रात्र पुन्हा. म्हणून चिमटा आधी बाहुलीला, मग मला. मी चिमटा लावून गेंगाण्या आवाजात त्याचं नाव विचारते. मग तो काढायचा हक्क त्याचा. त्याने माझ्या नाकाचा चिमटा आपल्या हाताने काढला, परत लावला, परत काढला, की चिमटा कधीही निघतो हे त्याला पटलेलं असतं. तरीही नकोच म्हणाला तर मी ताणत नाही. फुंकण्याच्या तपासणीत आमचे डॉक्टर तेवढी सूट देतात आणि अहवालात तशी नोंद करतात.

गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. राधानगरीकडच्या एका वाडीतून आजी नातीला घेऊन आली होती. मुलगी साडेचार वर्षांची, सहा-सात महिने खोकला, रात्री जास्त. आत आली ती आजीच्या पदराला धरूनच. बाहुली बघितली, हात लावला नाही. आरसा नको. परातीकडे बघून मान फिरवली. मी माझ्या स्टुलावर बसून होड्या करत राहिले, बोलले नाही. आजीला मात्र धीर निघेना.

"आगं, फुक की! चुलीम्होरं बसल्यावर कशी फुकतीस फुकणीनं? तशीच फुक."

मुलगी पहिल्यांदा हसली. मी विचारलं, "तू फुंकणी मारतेस चुलीला?"

मान डोलावली.

"मला येत नाही. दाखव की कसं करायचं."

आमच्याकडे फुंकणी कुठून असणार. मी पुठ्ठ्याची नळी पुढे केली. तिने ती उलटसुलट करून बघितली, खाली उकिडवी बसली, डाव्या हाताने समोरचं काहीतरी सारल्यासारखं केलं (ती राख होती, हे मला जरा वेळाने उमगलं), छाती भरून श्वास घेतला आणि नळीला तोंड लावून असा काही लांब श्वास सोडला की मी बघतच राहिले. गाल फुगले नाहीत. ओठ नळीला घट्ट. शेवटपर्यंत सोडत राहिली, मग खोकली. खोकून झाल्यावर मला म्हणाली, "धूर झाला की डोळं मिटायचं."

एरवी परात आणि बोळ्यांनी जे शिकवावं लागतं ते तिला येतच होतं. मी यंत्राची नळी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, ही इथली फुंकणी. पाटावर पाय टेकवून खुर्चीवर बसायला ती तयार नव्हती, तिला उकिडवंच बसायचं होतं. थोडा वेळ तसंच बसू दिलं, यंत्राची नळी खाली घेतली. मग आजी खुर्चीवर बसली आणि तिच्या मांडीवर ही. पहिल्या दोन फुंकरी खोकल्यात गेल्या. पुढच्या मिळाल्या, आणि आलेख खाली पोकळ झालेला होता, दोरी सैल सोडल्यावर मध्ये पडते तसा. श्वासाच्या वाटा आवळल्यात याची ती खूण.

पण त्या दिवशी खरी माहिती आलेखाआधीच मिळाली होती. ती पोरगी रोज चुलीच्या तोंडाशी बसते, हे कुठल्याच केसपेपरवर नव्हतं. डॉक्टरांनी "घरात धूर असतो का?" विचारलं होतं आणि आजीने "नाही, गॅस आहे" सांगितलं होतं. तेही खोटं नव्हतं. गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर. हे मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. आजीशी बोलताना फार जपून बोलावं लागलं, कारण नात आपल्याजवळ बसून चूल पेटवायला शिकतेय याचा त्या माउलीला अभिमान होता. डॉक्टरांनी चूल बंद करा असं सांगितलं नाही. चूल पेटवतानाचा आणि विझतानाचा धूर जास्त, तेवढा वेळ पोरगी अंगणात असू द्या, म्हणाले. आजीने ते ऐकून घेतलं आणि जाताना विचारलं, "मग पुढच्या खेपंला हिनं काय फुकायचं?" मी होडी करून दिली.

मुलं खेळताना सांगतात ते ती प्रश्नांना उत्तर म्हणून सांगत नाहीत. बाहुलीला दम्याचा पंप देताना मुलाचा हात कसा चालतो ते बघितलं की घरी पंप कसा दिला जातो ते कळतं. एकाने बाहुलीच्या तोंडात दाबला आणि लगेच काढून घेतला, स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लावलाच नाही. त्याच्या आईने स्पेसर महिनाभर कपाटावरून खालीच काढला नव्हता. दुसऱ्याने बाहुलीला पंप देताना आधी दार लावून घेतलं. विचारल्यावर म्हणाला, "पाहुणे बघतील." पंपाची सवय लागते, पोरीचं लग्न जमत नाही, अशा गोष्टी मोठ्यांच्या बोलण्यातून मुलांच्या खेळात कधी येऊन बसतात ते घरच्यांना कळतही नाही.

फुंकणं अजिबात न जमणाऱ्या छोट्यांसाठी दुसरी तपासणी आहे, आयओएस, म्हणजे इम्पल्स ऑसिलोमेट्री. त्यात उलट काहीच करायचं नसतं. नेहमीसारखा शांत श्वास घेत बसायचं, यंत्र नळीतून बारीक कंपनं पाठवतं आणि परत येणाऱ्या लहरींवरून वाटांचा अडथळा मोजतं. अर्धं मिनिटभर पुरतं. पण अर्धं मिनिट काहीही न करणं हे तीन वर्षांच्या मुलाला काही करण्याहून अवघड. गाल हलले तर आकडे बिघडतात, म्हणून गाल दोन्ही हातांनी धरावे लागतात, आणि यंत्र ठकठक आवाज करतं. इथे स्टॅच्यू. हा खेळ येत नाही असं मूल मला अजून भेटलेलं नाही. आईने गाल धरायचे, मी "स्टॅच्यू" म्हणायचं, आणि मी "ओव्हर" म्हणेपर्यंत पुतळा. मात्र आधी दोन वेळा पाळी मुलाची. तो मला स्टॅच्यू करतो आणि हवं तितका वेळ अडकवून ठेवतो. मी डोळाही हलवत नाही. माझ्यावर हा अधिकार गाजवून झाला की तो माझ्यासाठी अर्धं मिनिट थांबायला राजी होतो. त्याआधी साबणाचे फुगे उडवायचे, म्हणजे श्वास आपोआप संथ होतो. रंकाळ्यावर मिळते तीच बाटली.

मोठ्या मुलांना, आठ-नऊ वर्षांच्या पुढे, हे सगळं बालिश वाटतं आणि त्यांना बाहुली दाखवली तर ती दुखावतात. त्यांना आलेख दाखवावा. वर जाणारी रेघ जोराची, खाली येणारी उतरण दमाची, हे पाच मिनिटांत समजतं आणि मग ती स्वतःच म्हणतात, "परत करू, ही उतरण नीट नाही आली."

पंपाआधी आणि पंपानंतर अशी दोनदा तपासणी असते तेव्हा मधला वेळ सांभाळावा लागतो. स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे 100 मायक्रोग्रॅमचे चार पफ द्यायचे आणि 15 मिनिटं थांबायचं. मुलाला आधी सांगितलं नसेल तर त्याच्या हिशेबाने खेळ संपलेला असतो, चपला घालून ते दाराशी उभं असतं. मग परत बोलावणं म्हणजे फसवणूक. म्हणून सुरुवातीलाच सांगायचं, दोन डाव आहेत, मधे सुट्टी. सुट्टीत होडीला रंग द्यायचा, शिडावर नाव लिहायचं.

आता बरोबर येणाऱ्या मोठ्यांविषयी, आणि हे मी मनापासून सांगते. "नीट फुंक नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" हे वाक्य दारात ऐकलं की माझा अर्धा तास गेला. "बघ, ती बारकी पोरगी करते, तू एवढा घोडा झालास" यानेही तेच. घरून निघताना "काही नाही रे, फोटो काढायला चाललोय" सांगून आणलेलं मूल यंत्र बघितलं की माझ्यावर नाही, आईवर चिडतं, आणि ते बरोबरच असतं. चॉकलेटचं आमिष दाखवू नका. जमलं तर चॉकलेट याचा अर्थ न जमलं तर मी वाईट, असा मूल लावतं. आमच्याकडे स्टिकर दारातच मिळतो, आल्याबद्दल. आणि वडिलांनी मागून "आणखी! आणखी! जोर लाव!" असं ओरडू नये. ते मी ओरडते, पण त्या आवाजात राग नसतो हे मुलाला तोवर माहीत झालेलं असतं.

आणि कधी कधी जमत नाही. मूल थकतं, कंटाळतं, खोकल्याची उबळ येते. मग थांबायचं. पाच वर्षांखालच्या मुलांत बाळदम्याचं निदान मुख्यतः लक्षणांवरून, घरच्या इतिहासावरून आणि औषधाने फरक पडतो का यावरून होतं. एका दिवसाच्या आलेखावाचून उपचार अडत नाहीत. रडवून, धरून बसवून मिळालेला आलेख तसाही वाचता येत नाही, आणि ते मूल पुढच्या वेळी इमारतीच्या पायरीवरच मागे फिरतं. दम्याच्या मुलाला पुढची कितीतरी वर्षं ही तपासणी द्यायची असते. पहिल्या भेटीत आरशावर चार मांजरं काढून मूल हसत घरी गेलं, तर माझ्या लेखी ती भेट कामाची झाली.

अडतं ते वेळेपाशी. मोठ्यांच्या तपासणीला जेवढा वेळ धरतात तेवढाच लहान मुलाला धरला जातो, खूप ठिकाणी. इंग्लंड-अमेरिकेत मुलांच्या रुग्णालयात खेळातून तयारी करून घेणारी माणसं नेमलेली असतात, ते एक शिकून करायचं काम मानलं जातं. आपल्याकडे ते सिस्टरने किंवा तंत्रज्ञाने रांग सांभाळत करायचं असतं. परात आणि बोळे थोडक्या पैशांत येतात. वेळ मात्र प्रशासनाकडे मागावा लागतो. आमच्याकडे सहा वर्षांखालच्या मुलासाठी अपॉइंटमेंटच्या दोन वेळा जोडून द्यायला सुरुवात झाली, तीही डॉक्टरांनी आग्रह धरला म्हणून. जिथे अजून तसं होत नाही तिथल्या तंत्रज्ञांनी न वाचता येणारे आलेख एकत्र करून वरिष्ठांपुढे ठेवावेत. परत परत बोलावण्यात जाणारा वेळ त्यात दिसतो.

तुमच्या मुलाची तपासणी ठरली असेल तर आदल्या आठवड्यात घरी परातीत होडी चालवा, रोज थोडा वेळ, स्पर्धा न लावता. आरशावर वाफ आणा. सैल कपडे घाला, पोट फार भरू नका. कोणतं औषध किती तास आधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि त्या सकाळी मुलाला दम लागला तर तपासणीचा विचार न करता लगेच आराम देणारा पंप द्या. येताना रोजचा पंप आणि स्पेसर घ्या. मुलाचं आवडतं एखादं खेळणं असेल तर तेही घ्या, त्याची तपासणी आधी करू. आणि फोनवर वेळ घेताना मुलाचं वय पहिल्यांदा सांगा, म्हणजे पलीकडच्या माणसाला पुढची वेळही मोकळी ठेवता येईल.